दोन भाऊ, तीन कॅसेटी

गेल्या दिवाळीपूर्वी घराची आवराआवर करताना माळ्यावरची एक पत्र्याची पेटी खाली उतरवली. आत जुन्या कॅसेटी होत्या. तीन पिढ्या सुरतेत राहिलेल्या आमच्या घरात गाण्यांचा संग्रह ही प्रतिष्ठेची बाब होती. परमुलखात मुलांच्या कानांवर चांगले मराठी पडावे ते गाण्यांतून, असा वडिलांचा कटाक्ष असे. गीतरामायण, नाट्यगीते, भावगीते अशी सारी रांग पेटीत नीट लावलेली होती. तिच्या तळाशी मात्र तीन कॅसेटी निराळ्या निघाल्या. तिन्हींच्या वेष्टनांवर त्याच दोघा भावांची छायाचित्रे होती : आनंद शिंदे आणि मिलिंद शिंदे. तिन्ही कॅसेटी गाजलेल्या, निवडक गाण्यांच्या. एकीवर गणपतीची गाणी, दुसरीवर लोकगीते, तिसरीवर भीमगीते. पहिल्या दोन आमच्या होत्या. तिसरी आमची नव्हती. तिची हकीकत पुढे येईलच. आधी या भावांविषयी.

शिंदे घराणे मूळचे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. वडील प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांचा आवाज ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गीत ऐकताना गायकाचे नाव आठवो न आठवो, तो खडा, मोकळा, पहाडी स्वर मनात घुमत राहतो. विठ्ठलाची आळवणी करणारा हाच गळा भीमगीते गात असे आणि कव्वालीच्या बैठकीतही तितक्याच सहजतेने रंगत असे. तो वारसा आनंद आणि मिलिंद यांनी उचलला. १९८०च्या दशकात आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट हा’ या गाण्याने लग्नाच्या वराती आणि गल्लीबोळ दणाणून सोडले. पुढल्या पिढीत आनंद यांचे पुत्र आदर्श शिंदे यांनी २०१३ सालच्या ‘दुनियादारी’ चित्रपटातून तोच स्वर चित्रपटगृहांत नेला. अशा रीतीने हा आवाज पिढ्यांमागून पिढ्या वाहत आला आहे.

या भावांच्या कीर्तीला कॅसेटचा मोठा हातभार लागला. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे एकच गाणे मावत असे. ती तयार करणे खर्चाचे, वाजवायचे यंत्रही महाग. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली आणि १९८०च्या दशकात ती आपल्याकडे स्वस्त झाली. तासाभराच्या एका कॅसेटीत दहा-बारा गाणी मावू लागली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसे पाहिले नव्हते त्या लोकगायकांना छोट्या कंपन्यांनी जवळ केले, आणि चहाच्या टपरीपासून ट्रकच्या केबिनपर्यंत त्यांचे स्वर पोहोचले.

निवडक गाण्यांची कॅसेट म्हणजे कोणीतरी केलेली निवड. शेकडो गाण्यांतून दहा-बारा आत घ्यावयाची म्हणजे बाकीची बाहेर ठेवावयाची. विकणाऱ्यांनी शिंदे बंधूंच्या गाण्यांची वाटणी गिऱ्हाईक पाहून केली. भाद्रपदात गणपतीची कॅसेट, लग्नसराईत लोकगीतांची, चौदा एप्रिलच्या सुमारास भीमगीतांची. व्यापाराच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. परंतु परिणाम असा झाला की एकाच गायकाचे तीन वाटे तीन निरनिराळ्या घरांत गेले, आणि प्रत्येक घराला आपला वाटा म्हणजेच सारा गायक असे वाटू लागले.

सुरतेतील मराठी वस्तीचेही असेच वाटे आहेत. नोकरीपेशाने येऊन पिढ्यानपिढ्या स्थिरावलेली आमच्यासारखी घरे एकीकडे. दुसरीकडे, तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या उधना–जळगाव लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या भागांतून आलेला खानदेशी श्रमिक. लिंबायत, उधना, डिंडोली या वस्त्या त्याच्या घामावर उभ्या राहिल्या. यंत्रमागांचा खडखडाट आणि अहिराणीचा गोडवा तेथे एकत्र नांदतो. महानगरपालिकेच्या मराठी शाळा मुख्यतः याच वस्त्यांतील मुलांनी भरल्या. आम्ही मात्र आमची मुले गुजराती नाही तर इंग्रजी शाळेत घातली, आणि मराठी टिकविण्याच्या चिंतेवर भाषणे केली.

आता तिसऱ्या कॅसेटीची हकीकत. आमच्या घरामागच्या खोलीत अमळनेरकडचा एक तरुण भाड्याने राहत असे. यंत्रमागावर रात्रपाळी करी. गणेशोत्सवात आमच्या मंडळात त्याच्यासारखा आवाज कोणाचा नव्हता. आरतीला तो उभा राहिला की मंडप भरून जाई, आणि आम्ही सारे ‘वाहवा’ म्हणत असू. एका एप्रिलात तो ही कॅसेट घेऊन आला आणि वडिलांना म्हणाला, “आप्पा, तुमच्याकडे सगळी गाणी आहेत. ही पण ऐकून बघा. हेच गायक आहेत.” त्याने जयंतीच्या कार्यक्रमाचे आमंत्रणही दिले. वडील सौजन्याने “अवश्य” म्हणाले. आम्ही गेलो नाही. कॅसेट पेटीच्या तळाशी गेली. त्याने पुन्हा कधी विचारले नाही. परंतु पुढच्या गणेशोत्सवात तो आरतीला आला नाही. वर्षभरात खोली सोडून गेला. त्या वेळी मी कॉलेजात होतो. मला कारण कळत नव्हते, असे मी आज म्हणू शकत नाही.

जुना टेपरेकॉर्डर अजून चालतो. सैल पडलेली फीत पेन्सिलीने गुंडाळून ती कॅसेट मी प्रथमच लावली. तीच ढोलकी, तोच कोरस, तोच वर चढत जाणारा स्वर. गणपतीच्या गाण्यात जो देवापाशी गाऱ्हाणे मांडतो, तोच येथे एका माणसाचे ऋण गात होता. महाडचे चवदार तळे, १९२७ सालचा तो सत्याग्रह, १९५६ सालची नागपूरची दीक्षा, हातात आलेले पुस्तक. वामनदादा कर्डकांसारख्या लोकशाहिरांनी ज्यांना शब्द दिले त्या अनुभवांची ही परंपरा. आमच्या नीट लावलेल्या संग्रहात हा इतिहास कोठेच नव्हता. भाषा जपली असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तिचा आम्हाला सोयीचा तेवढाच भाग जपला होता.

आता कॅसेट बाजारातून गेली आहे. गाणी मोबाईलवर येतात आणि निवड ज्याची त्याने करावयाची असते. म्हणून मी नातीच्या मदतीने शिंदे बंधूंच्या गाण्यांची एक नवी यादी केली. तीत गणपती आहे, वरातीचे गाणे आहे आणि भीमगीतही आहे, एकापाठोपाठ एक. नात गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, “आजोबा, हे तर तेच काका गातात ना? मग वेगळं कशाला ठेवलं होतं?”

तिला उत्तर देण्यासाठी मला बराच वेळ लागला. पण जे घडले ते सारे सांगितले. त्या तरुणाचा शोध घेण्यासाठी लिंबायतेत दोन-तीनदा जाऊन आलो. पत्ता लागला नाही. तोही आता साठीला आला असेल. येत्या चौदा एप्रिलला मात्र नातीला घेऊन तेथील कार्यक्रमाला जायचे ठरविले आहे. आमंत्रण जुने आहे, एवढेच.