इंजिनाची आकाशातील कसोटी



सोन्याचा कस सराफाच्या पेढीवरच कळतो, हे सुरतेतील श्रोत्यांना मी सांगावयास नको. विमानाच्या इंजिनाचे मात्र तसे नाही. जमिनीवर पक्के बांधून ते कितीही तास चालविले, तरी परीक्षा अर्धीच होते. मी भाषेचा अध्यापक. पण ‘कसोटी’ या शब्दाच्या आधाराने या विषयात शिरण्याचे धाडस करतो.

६,००० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच अधिक असते आणि तापमान सामान्यतः शून्याखाली २४ अंश. प्राणवायू विरळ झाल्याने शक्ती घटते, थंडीने वंगण दाटते आणि विझलेली ज्योत पुन्हा पेटेलच याची शाश्वती नसते. यासाठी इंजिन प्रत्यक्ष वर न्यावे लागते. परंतु अपरिचित इंजिनावर वैमानिकाचा जीव कसा सोपवावा? उपाय असा, की खात्रीच्या इंजिनाच्या विमानावर नवे इंजिन चढवावयाचे. नवे बंद पडले, तरी जुने घरी आणते.

जर्मनीत ओहाईन यांचे जेट इंजिन प्रथम ‘हाइंकेल ११८’ या पंख्याच्या विमानाखाली टांगून तपासले गेले. त्यानंतर २७ ऑगस्ट १९३९ रोजी ‘हाइंकेल १७८’ केवळ जेटच्या बळावर उडाले.

आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा अभिमानाने सांगितली जाते. तळपदे यांच्या जिज्ञासेविषयी मला आदर आहे. पण इंजिनाची शक्ती, उंची, वेळ यांची विश्वसनीय समकालीन नोंद नसता त्या कथेला इतिहास म्हणता येत नाही.

याउलट ‘कावेरी’ इंजिन पाहा. अपेक्षित रेटा न मिळाल्याने २००८ साली ते तेजस प्रकल्पापासून वेगळे करण्यात आले. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये रशियात ‘इल्युशिन ७६’च्या चार इंजिनांपैकी एकाच्या जागी ते बसवून ६,००० मीटरपर्यंत नेले गेले. उणीव नोंदली गेली, म्हणूनच पुढील अभियंत्यास कोठून आरंभ करावयाचा हे ठाऊक आहे.

राष्ट्राभिमानालाही हीच कसोटी लागू आहे. न झालेल्या विजयाच्या कथेपेक्षा प्रामाणिकपणे लिहिलेले कमी गुण अधिक मोलाचे असतात. शाळेने आपणांस दुसरे काय शिकविले?