शिक्षकांची कसूर आणि मुख्याध्यापकांचे कर्तव्य

प्रार्थना आटोपून अर्धा तास उलटला, तरी तिसरीच्या वर्गावर शिक्षक आलेले नाहीत. अशा वेळी मुख्याध्यापक काय करतात, यावर शाळेचे वळण अवलंबून असते. गोव्यातील अनेक सरकारी प्राथमिक शाळांत दोन-तीनच शिक्षक असतात. मुख्याध्यापक स्वतः वर्ग घेतात, आणि ज्यांची चूक दाखवावयाची ते त्यांचे रोजचे सहकारी असतात. म्हणून डोळेझाक करण्याचा मोह होतो. परंतु मुख्याध्यापक हे न्यायाधीश नाहीत, तसेच दोषांवर पांघरूण घालणारेही नाहीत. घडले ते नोंदविणे, संबंधितांचे म्हणणे ऐकणे आणि योग्य ठिकाणी कळविणे, हे त्यांचे काम होय.

कसुरींचे दोन वर्ग मनात स्पष्ट असावेत. उशिरा येणे, पाठाची पूर्वतयारी न करणे, वह्या न तपासणे या गोष्टी शाळेच्या पातळीवर सुधारता येतात. प्रथम एकांतात समज द्यावी. मुलांसमोर किंवा पालकांसमोर कधीही नव्हे. घरचे आजारपण किंवा बसची गैरसोय असे कारण असल्यास त्यावर मिळून उपाय शोधावा. सुधारणा न झाल्यास लेखी खुलासा मागवावा. त्यात 'नेहमी उशीर होतो' असे मोघम न लिहिता तारीख, वेळ आणि हजेरीपटावरील नोंद द्यावी. तरीही फरक न पडल्यास खुलाशासह अहवाल भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९ याच्या कलम २४ अन्वये नियमितपणा व वक्तशीरपणा हे शिक्षकांचे कर्तव्यच आहे. कलम २८ अन्वये खाजगी शिकवण्यांनाही मनाई आहे.

मद्यप्राशन करून शाळेत येणे, पैशांचा अपहार करणे किंवा मुलांना मारहाण करणे या दुसऱ्या वर्गातील गोष्टी होत. त्या विनाविलंब वरिष्ठांना लेखी कळवाव्यात. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस वरील अधिनियमाच्या कलम १७ ने बंदी आहे. गोवा बाल अधिनियम, २००३ यानेही शाळांतील शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. 'मुलाच्या भल्यासाठीच मारले' हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आल्यास शाळेत चौकशी करीत बसू नये. मुलाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नयेत, शिक्षकासमोर उभे करू नये, त्याचे नाव बाहेर येऊ देऊ नये. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. आपल्या हाताखालील व्यक्तीचा असा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. गावात बैठक घेऊन प्रकरण 'मिटविणे' हा मार्ग येथे मुळीच नाही. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शिक्षकांनाही संरक्षण आहे. आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय शिस्तभंगाची कारवाई करता येत नाही. निलंबन किंवा बडतर्फी हे सक्षम प्राधिकाऱ्यांचे अधिकार आहेत. मुख्याध्यापकांनी तशी धमकीही देऊ नये. गावातील वैरातून खोटी तक्रार झाल्यास निर्दोष शिक्षकाला तारीखवार नोंदीच वाचवितात.

ग्रामस्थांनी वर्गात शिरून जाब विचारू नये, किंवा तक्रार केवळ चावडीवर बोलून थांबू नये. काय घडले, कोणत्या दिवशी, कोणी पाहिले, एवढे लिहून मुख्याध्यापकांकडे द्यावे व पोच घ्यावी. दखल न घेतल्यास भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. शिक्षकांच्या नियमितपणाचा प्रश्न तेथेही मांडता येतो.

वेळीच दिलेली समज अनेकदा पुढची मोठी कारवाई टाळते. आज लपविलेली कसूर मात्र उद्या मुलांनाच भोगावी लागते. त्यांना स्वतःची तक्रार लिहिता येत नाही. म्हणून ती लिहिण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांची आहे.