बॉटचं ‘टेम्परेचर’ किती ठेवायचं?

ऑफिसातल्या चॅटबॉटला रजेचा नियम विचारला आणि सकाळी एक, दुपारी दुसरंच उत्तर आलं, तर आधी त्याचं ‘टेम्परेचर’ बघावं. उष्णतेशी त्याचा काही संबंध नाही. भाषेचं मॉडेल पुढचा शब्दांश निवडताना प्रत्येक पर्यायाची संभाव्यता मोजतं. टेम्परेचर ० च्या जवळ असेल, तर जवळपास दर वेळी सर्वांत संभाव्य पर्यायच निवडला जातो. आकडा १ कडे नेला की मागच्या रांगेतल्यांनाही संधी मिळते. जाहिरातीच्या ओळी सुचवून घ्यायला ते उत्तम. रजेच्या नियमांना नको.

पण कमी टेम्परेचर म्हणजे खरं उत्तर, असं मुळीच नाही. चूक असेल तर तीही तितक्याच सातत्याने येईल. खरेपणासाठी नियमावलीच जोडावी लागते. मग बॉट आधी त्या कागदपत्रांतला नेमका परिच्छेद शोधतो आणि त्यावरून उत्तर तयार करतो. तिथे जुनी, रद्द झालेली फाइल राहिली, तर बॉट तीच वाचून दाखवेल. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या साफसफाईला द्यावा. कोणती फाइल कोणाला दिसावी, हेही तेव्हाच ठरवावं. पगारपत्रकं सर्वांना खुली राहता कामा नयेत.

बॉटचं चुकीचं उत्तर महागातही पडू शकतं. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या बॉटने एका प्रवाशाला सांगितलं, की जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूनंतरची भाडेसवलत प्रवासानंतरही मागता येते. ते चूक होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने कंपनीला भरपाई द्यायला लावली. खरा नियम कंपनीच्याच संकेतस्थळावर, दुसऱ्या पानावर लिहिलेला होता.