सोलर, गोबरगॅस आणि भागाकार

मित्रांनो, हायब्रीड म्हटले की आपल्याला ज्वारी आठवते. दोन वाणांचे गुण एकत्र आणून ते बी तयार करतात. घरच्या विजेचे आणि इंधनाचेही तसेच करता येते. छपरावर सोलरच्या प्लेटा आणि परसात गोबरगॅस, दोन्ही एकाच घराला जोडायचे. पण मोठी माणसे विचारतात, "परवडणार का?" म्हणून मी हिशेब मांडला.

१ किलोवॅटच्या प्लेटा चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देतात. १० वॅटचा दिवा १०० तास जळला की १ युनिट होते. उरलेली वीज मीटरमधून लाइनीत जाते आणि बिलातून वजा होते. २०२४ साली निघालेल्या सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान ठरले. समजा प्लेटा ६०,००० रुपयांना पडल्या, तर आपले ३०,००० जातात. समजा रोज १५ रुपये वाचले, तर ३०,००० भागिले १५ म्हणजे २,००० दिवस. साडेपाच वर्षांत पैसे फिटले! प्लेटा तर २५ वर्षे टिकतात.

खरी अडचण संध्याकाळची. सूर्य मावळला आणि त्यात लाइट गेली, तर अभ्यास कसा करायचा? त्यासाठी बॅटरी लागते. पण ती साधारण ५ वर्षांनी बदलावी लागते. समजा एक १५,००० ला आली, तर २५ वर्षांत ५ बॅटऱ्या, म्हणजे ७५,००० रुपये. प्लेटांपेक्षा बॅटऱ्याच महाग! म्हणून बॅटरी लहान घ्यावी, दिव्या-पंख्यापुरती.

चुलीचे काम गोबरगॅसला द्यावे. रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी घातले, तर सुमारे २ घनमीटर गॅस होतो. त्यात ५-६ माणसांचा स्वयंपाक होतो. १६-१७ दिवसांचा गॅस एका सिलिंडरएवढा भरतो. तो टाकीतच साठतो, त्याला बॅटरी लागत नाही. उरलेली रबडी शेताला खत म्हणून चालते. टाकीच्या खर्चाला सिलिंडरच्या किमतीने भागा. जेवढे उत्तर येईल, तेवढे सिलिंडर वाचले की टाकी फिटली.

पावसाळ्यात ऊन कमी, पण गोठ्यात शेण असतेच. थंडीत गॅस कमी होतो, तेव्हा आभाळ स्वच्छ असते. एक अडला की दुसरा सांभाळून घेतो.

मात्र ५० किलो शेणाला ४-५ मोठी जनावरे लागतात. घरी एकच गाय असेल, तर एवढी टाकी रिकामीच राहील. त्यांनी नुसत्या प्लेटा घ्याव्यात.

पालकहो, शेजाऱ्याचे बघून घेऊ नका. आधी आपले वीजबिल बघा आणि गोठ्यातली जनावरे मोजा. भागाकार आम्ही करून देतो!