एक कार्ड, दोन कप्पे

एस.टी.च्या प्रवासात वाहक आणि प्रवासी यांच्यात सर्वात जास्त बोलणे कशावरून होत असेल, तर ते सुट्ट्या पैशांवरून. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि पाच-दहाच्या पटीत न बसणारे आकडे तिकिटावर दिसू लागले. अंबड, परतूर, जाफराबादकडे जाणाऱ्या गाड्यांत रुपया-दोन रुपयांवरून होणारी बोलाचाली आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या माणसाला, तिकिटाच्या मागे वाहकाने लिहून दिलेले चार रुपये उतरताना विसरून चालत नाही.

आता वाहकाच्या यंत्रावर मोबाईलने पैसे देता येतात. ही सोय चांगलीच आहे. परंतु तिला स्वतःचा मोबाईल लागतो, त्यात नेट लागते आणि मागे बँकेचे खाते लागते. शाळकरी मुलगी किंवा साधा फोन वापरणारी आजी या सोयीच्या बाहेर राहते. अशा लोकांच्या उपयोगाचे साधन जगात गेली जवळजवळ तीन दशके वापरात आहे. ते म्हणजे यंत्राजवळ नेताच भाडे कापून घेणारे कार्ड. ते कसे चालते आणि त्यात कोठे फसगत होऊ शकते, हे सभासदांनी व विशेषतः शिक्षणासाठी बाहेरगावी जाणाऱ्या विद्यार्थी मित्रांनी समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

या कल्पनेचे सर्वात गाजलेले उदाहरण हाँगकाँगचे. तेथे १ सप्टेंबर १९९७ रोजी ऑक्टोपस नावाचे कार्ड सुरू झाले. (त्याच्या चिनी नावात आठ हा आकडा आहे; आठही दिशांना पोहोचणारे, असा त्याचा भाव.) आरंभी ते रेल्वे, बस आणि बोटीपुरते होते. पुढे त्याच कार्डावर दुकानातील दूध-पाव मिळू लागला, वाहनतळाचे पैसे भरता येऊ लागले आणि काही शाळांत हजेरीसुद्धा लागू लागली.

कार्डाच्या आत बॅटरी नसते. प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. वाचक यंत्र सतत चुंबकीय लहरी सोडत असते. कार्ड तीन-चार सेंटिमीटर अंतरावर आले की त्या लहरींमुळे वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप जागी होते. मग कार्ड आणि यंत्र गुप्त संकेतांनी एकमेकांची ओळख पटवतात, भाडे वजा होते आणि नवी शिल्लक लिहिली जाते. हे सर्व अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपते. एवढ्या कमी अंतरामुळेच रस्त्याने जाता-येता खिशातील पैसे आपोआप कापले जातील, ही भीती बऱ्याच अंशी अनाठायी आहे.

आपल्या देशात अडचण वेगळीच होती. प्रत्येक शहराच्या मेट्रोचे कार्ड निराळे, बसचे निराळे; दिल्लीचे कार्ड मुंबईत म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा. म्हणून ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबाद येथे राष्ट्रीय सामायिक गतिशीलता कार्डाचे उद्घाटन झाले. नाव बोजड आहे. लोक त्याला एनसीएमसी म्हणतात. हे रुपे जातीचे बँक कार्डच असते, फक्त त्यात प्रवासासाठी वेगळी व्यवस्था केलेली असते. मुंबईत मेट्रो २-अ आणि ७ या मार्गांसाठी जानेवारी २०२३ मध्ये आलेले 'मुंबई वन' कार्ड याच जातीचे. त्याच वर्षी पुणे मेट्रोचे 'वन पुणे' कार्डही आले. तेथे विद्यार्थ्यांसाठी ३० टक्के सवलतीचे वेगळे कार्ड काढण्यात आले.

एस.टी. महामंडळानेही २०१९ साली स्मार्ट कार्ड काढले होते, पण त्याचा मुख्य हेतू सवलतधारकाची ओळख पटवणे हा होता. ते घेण्याची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. याउलट ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास सुरू झाला तेव्हा वयाच्या पुराव्यासाठी आधार, मतदार ओळखपत्र अशी घरात असलेलीच कागदपत्रे मान्य करण्यात आली. म्हातारी माणसे कोणाच्याही मदतीशिवाय गाडीत चढली, ती या दुसऱ्या मार्गाने. सवलत हा हक्क असेल, तर तो एका प्लास्टिकच्या तुकड्यावर टांगून ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुख्य मुद्दा. एनसीएमसी कार्डात दोन कप्पे असतात. पहिला कप्पा खात्याचा. त्यातले पैसे बँकेच्या संगणकात असतात आणि दुकानात कार्ड वापरले की तेथून वळते होतात. दुसरा कप्पा कार्डाच्या चिपमध्येच असतो. कमरेच्या बटव्यासारखा, पैसे जेथे आपण तेथे. मेट्रोच्या फाटकावर किंवा बसमध्ये बहुधा हा दुसरा कप्पा उघडतो. याचे कारण सोपे आहे. फाटकावर रांग लागलेली असताना प्रत्येक माणसासाठी बँकेला विचारत बसायला वेळ नसतो, आणि घनसावंगी किंवा मंठ्याच्या रस्त्यावर धावत्या गाडीत तर नेटवर्कच मिळेल याची खात्री नसते. म्हणून कार्ड आणि यंत्र आपसात हिशेब करून टाकतात व बँकेला तो मागाहून कळतो. या कप्प्यात जास्तीत जास्त २,००० रुपये ठेवता येतात.

फसगत होते ती येथेच. समजा भोकरदनचा एखादा विद्यार्थी पुण्याला शिकतो. वडिलांनी गावाकडून मोबाईलवरून त्याच्या कार्डात ३०० रुपये भरले. मोबाईल सांगतो, पैसे जमा झाले. मुलगा फाटकावर कार्ड लावतो आणि फाटक उघडत नाही. पैसे कोठेही गेलेले नसतात. ते भरले गेले, पण अजून चिपमध्ये उतरलेले नसतात. स्थानकातील यंत्रावर किंवा खिडकीवर एकदा कार्ड लावून शिल्लक अद्ययावत करून घ्यावी लागते, तेव्हाच ते बटव्यात येतात. ही एक पायरी माहीत नसल्यामुळे माणूस गोंधळतो, आणि मागची रांग त्यालाच अडाणी ठरवते.

कार्ड हरवले तरी दोन कप्प्यांचा न्याय निराळा. बँकेला कळवून कार्ड बंद केले की खात्यातील पैसे सुरक्षित होतात. चिपमधील पैसे मात्र हरवलेल्या नोटेसारखे. ज्याला कार्ड सापडले तो त्यावर प्रवास करू शकतो, कारण तेथे पिन विचारला जात नाही. बँकांच्या नियमांत ही रक्कम सहसा परत मिळत नाही. तेव्हा या कप्प्यात आठवड्याच्या प्रवासापुरतेच पैसे ठेवावेत. वारंवार भरण्याचा थोडा त्रास होईल, तो सोसावा.

दुकानातील व्यवहारासही पिनची सूट आहे. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने ५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पिनशिवाय, कार्ड नुसते यंत्राजवळ नेऊन देण्यास मुभा दिली. ही सोय बंद-चालू करण्याचा आणि तिची मर्यादा कमी करण्याचा अधिकार कार्डधारकाला आहे. ज्यांच्या घरात पेन्शनचे किंवा निराधार योजनेचे पैसे याच खात्यात येतात, त्यांनी मर्यादा दोन-तीनशेवर आणून ठेवावी. आणि पिन कार्डाच्या पाकिटावर लिहून ते दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची आपल्याकडील सवय आता खरोखर सोडली पाहिजे.

आणखी एका गोष्टीकडे कमी लोकांचे लक्ष जाते. नाणे कोणाच्या हातून आले हे नाणे सांगत नाही. कार्ड मात्र आपण कधी, कोठे चढलो आणि कोठे उतरलो याची नोंद ठेवते. २०१० साली हाँगकाँगमध्ये असे उघडकीस आले की ऑक्टोपसच्या कंपनीने सुमारे २० लाख ग्राहकांची माहिती इतर कंपन्यांना विकली होती. लोक संतापले आणि कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक वाहतुकीची प्रीपेड कार्डे ओळखीची पडताळणी न करता देण्यास परवानगी दिली. ज्यांच्याजवळ सर्व कागदपत्रे नसतात त्या स्थलांतरित मजुरांच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे.

शेवटी शिल्लक संपते तेव्हा काय, हा प्रश्न उरतो. सहा डिसेंबरला दादरला जाणाऱ्यांना किंवा रात्रीच्या शेवटच्या गाडीने गावी परतणाऱ्यांना तो अधिक जाणवेल. हाँगकाँगच्या कार्डावर अनामत रक्कम असते, तिच्या आधारावर शिल्लक कमी असली तरी एक प्रवास होऊ शकतो. लंडनच्या बसेसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेणे बंद झाले, तेव्हा तेथेही हीच काळजी घेतली गेली: कार्डातील पैसे अपुरे पडले तरी आणखी एक फेरी करू द्यायची आणि तिचे भाडे पुढच्या भरण्यातून कापून घ्यायचे. आपल्या गाड्यांत असे कार्ड सर्वत्र येईल तेव्हा या एका फेरीची तरतूद त्यात हवी, आणि ती होईपर्यंत वाहकाच्या चामडी पिशवीत नाण्यांसाठी जागा राहिली पाहिजे. आपल्या विभागातील आगारप्रमुखांकडे संस्थेच्या लेटरहेडवर ही मागणी लेखी नोंदवता येईल.