वाफेला वाट

पाचगणीत आषाढात ढग थेट घरात शिरतो. काडेपेटी सादळते, धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्यातून आमच्या फ्लॅटचं बाथरूम इमारतीच्या पोटात. खिडकी नाही, डक्टही नाही. एक्झॉस्ट फॅन होता, पण आधीच्या कारागिरानं त्याचं तोंड पीओपीच्या पोकळीतच सोडलेलं. तीन पावसाळे वाफ तिथंच मुरली. छताला पिवळे डाग पडले, पोपडे सुटले. १९१२ साली डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल एअर हे आरोग्यधाम काढलं ते याच गावात, इथल्या मोकळ्या हवेच्या भरवशावर. आणि आमच्या टॉवेलांना कुबट वास!

मे महिन्यात काम काढलं. मिस्त्रींनी पीओपीचा चौकोन कापला, आत हात घातला आणि बोटावर आलेली काळी बुरशी मला दाखवली. "ताई, पंखा फिरत होता, पण वाफ घरातच होती."

पाइप कुठून न्यायचा, यातच अर्धा दिवस गेला. जवळची भिंत पश्चिमेची, पण तिला पाऊस आडवा झोडपतो. म्हणून पाइप लांबला तरी पूर्वेची भिंत धरली. बीम टाळून कोअर कटिंगच्या मशिननं भोक पाडलं. लवचीक पाइप मिस्त्रींना नको होता. त्याच्या वळ्यांत हवा अडखळते, पाणी साचतं. चार इंची पीव्हीसी घेतला, वळण एकच, आणि ढाळ बाहेरच्या बाजूला. हा ढाळ मला फार महत्त्वाचा वाटतो. ३० अंशांची वाफेनं भरलेली हवा घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते, २० अंशांना जेमतेम १७. उरलेलं पाइपातच सुटतं. ढाळ आतल्या बाजूला असेल तर ते थेंब-थेंब मोटारीवर परत येतं.

फॅन बसला. मिस्त्रींनी वर्तमानपत्राचा कपटा जाळीला लावला, तो चिकटला. दार लावलं, तर खाली पडला.

दोघंही दाराकडे बघत राहिलो. नवं दार उंबऱ्याला घट्ट बसलेलं. बाहेरची हवा आत यायला फटच नव्हती. दार उतरवून खालची कड पाऊण इंच तासली. या वेळी कपटा दार लावूनही जागचा हलला नाही.

पाच बाय सात फुटांची खोली, आठ फूट उंच, म्हणजे आठ घनमीटर हवा. फॅनवर ताशी ९० घनमीटर लिहिलंय. हिशेबानं पाच-सहा मिनिटं पुरतील, पण पाइपाची लांबी आणि वळण हवेचा जोर खातात, भिंती ओल्या राहतात. आम्ही आंघोळीनंतर २० मिनिटं चालू ठेवतो.

गॅस गीझर मात्र त्याच दिवशी बाहेर गॅलरीत हलवला. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणाच, आणि फॅनच्या ओढीनं त्याचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो. फॅन लावलाय म्हणून गीझर आत राहू देऊ नका, हे हात जोडून सांगते.

पाइपाच्या बाहेरच्या तोंडाची झडप रात्री वाऱ्यानं खडखडते. तिच्या कडेला रबराची पट्टी लावायची अजून राहिलीय.