बिलियर्ड्‌सच्या क्यूची टिप व तिची निगा

बिलियर्ड्‌सच्या क्यूच्या अग्रावर चामड्याची लहानशी चकती चिकटविलेली असते. तीस टिप म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तिचा प्रसार झाला आणि चेंडूस हवी तशी फिरकी देणे सुकर झाले. टिप व चेंडू यांचा स्पर्श सुमारे एक सहस्रांश सेकंदच टिकतो. तेवढ्या अवधीत घर्षण अपुरे पडले, तर टिप घसरते व बहुधा खेळाडूची पाळी संपते. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ व १९६४ साली जागतिक हौशी अजिंक्यपद मिळविले. अशा निष्णात खेळाडूची शेकडो गुणांची अखंड खेळीही या क्षणिक स्पर्शावरच उभी असते.

वारंवार होणाऱ्या आघातांनी चामडे दाबले जाऊन गुळगुळीत होते व खडूची पूड धरीत नाही. यावर दोन साधने आहेत. कानस चामडे घासून त्यास पुन्हा घुमटाकार देते. परंतु दर वेळी टिप थोडी झिजते. टोचणीच्या बारीक सुया मात्र, चांभाराच्या आरीप्रमाणे, चामड्यात शिरून त्याचे तंतू मोकळे करतात. चामडे जवळजवळ घटत नाही. तात्पर्य, आकार बिघडला असेल तर कानस आणि केवळ गुळगुळीतपणा आला असेल तर टोचणी, हा विवेक टिपेचे आयुष्य वाढवितो.